एका ओळीची राणी: शिलाहार लीलादेवीचं चरित्र कसं लिहावं

ठाण्याला श्रीस्थानक म्हणत तेव्हा इथे शिलाहारांचं राज्य होतं. राजांची नावं ताम्रपटांत ओळीने मिळतात: कपर्दी, अपराजित, अरिकेसरी, छित्तराज, नागार्जुन, मुम्मुणी, अनंतदेव, अपरादित्य. राण्यांची नावं शोधायला बसलं की हाताला फार थोडं लागतं. त्या थोड्यातलं एक नाव लीलादेवी. उरणजवळच्या चाणजे गावच्या शके १०६० च्या शिलालेखात अपरादित्य आपल्या आईच्या पुण्यासाठी शेत दान देतो आणि आईचं नाव घेतो. हा अपरादित्य पहिल्या अनंतदेवाचा मुलगा. म्हणून लीलादेवी ही अनंतदेवाची राणी.

एवढ्या आधारावर चरित्र लिहिता येतं का? येतं. चार-पाचशे शब्दांचं, पण प्रत्येक वाक्याच्या पाठीशी दगड किंवा तांबं असलेलं. वारसा फेरीचं टिपण असो, कॉलेजच्या वार्षिकातला लेख असो की सोसायटीच्या गणेशोत्सवातला फलक, रीत हीच. तीन-चार सुट्ट्यांचे दिवस काढले की काम होतं. बहुतेकांचं काम बिघडतं ते घाईमुळे. पहिल्याच दिवशी लिहायला बसतात, आणि रिकाम्या जागा मालिकांतल्या राणीने भरून काढतात. शालू, नथ, अंतःपुरातले रुसवेफुगवे, युद्धावर निघालेल्या राजाला ओवाळणारे हात. यातलं काहीही लीलादेवीबद्दल कुठे लिहिलेलं नाही. नऊशे वर्षं टिकलेल्या तिच्या नावाशेजारी असलं काही चिकटवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आधी तक्ता आखा

वही आडवी धरून आठ रकाने करा: लेखाचं नाव, शक, इसवी सन, सापडल्याचं ठिकाण, राजा, राणीचा उल्लेख मूळ शब्दांत, वाचन कोणाचं, आणि शेवटी ‘शंका’. शेवटचा रकाना रुंद ठेवा, तोच सगळ्यांत जास्त भरतो.

राणीचं नाव एका लेखात असलं तरी तक्त्यात नवऱ्याचे, मुलाचे आणि नातवाचे लेख यायला हवेत. लीलादेवीसाठी किमान पाच लागतात.

विहार तलावाजवळ सापडलेला अनंतदेवाचा शिलालेख, शके १००३. अनंतदेवाचाच खारेपाटण ताम्रपट, शके १०१६. अपरादित्याचा वडवली ताम्रपट, शके १०४९. चाणजेचा शिलालेख, शके १०६०. आणि अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य याचा पन्हाळे ताम्रपट, शके १०६१. हे पन्हाळे दापोलीकडचं, लेण्यांचं. कोल्हापूरजवळचा पन्हाळा किल्ला वेगळा. विक्रमादित्य तिथून, म्हणजे लेखातल्या प्रणालक नगरातून, दक्षिण कोकणचा कारभार बघत होता. नात्याने तो लीलादेवीचा नातू.

सासरची आणखी एक पिढी मागे गेलात की चित्र भरायला लागतं. अनंतदेवाचे वडील नागार्जुन, त्यांचा ठाणे ताम्रपट इ. स. १०३९ चा. नागार्जुनाचे भाऊ छित्तराज आणि मुम्मुणी. अंबरनाथच्या शिवमंदिरात मुम्मुणीच्या काळचा शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, लेख आहे. म्हणजे आपण मध्य रेल्वेने ज्या देवळाला जातो, ते लीलादेवीच्या चुलत सासऱ्यांच्या कारकिर्दीत उभं राहिलेलं. फलकावर हे एक वाक्य घातलंत तरी ठाणेकर वाचकाला ती परकी वाटणार नाही.

लेखांचे मूळ पाठ एकत्र हवेत तर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादलेला ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकॅरम’चा सहावा खंड बघा. १९७७ साली निघालेला हा खंड संपूर्ण शिलाहारांवरच आहे. इंग्रजी जड जात असेल तर त्यांचाच शिलाहारांवरचा मराठी ग्रंथ आहे, तो ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात किंवा तुमच्या जवळच्या जुन्या वाचनालयात विचारा. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी लावलेली वाचनं येतात. ती मोलाची आहेत, पण पुढच्या शंभर वर्षांत काही अक्षरं वेगळी वाचली गेली. म्हणून दोन्ही पाठ शेजारी ठेवा, आणि फरक दिसला की ‘शंका’ रकान्यात उतरवा. कोणाचं बरोबर हे तिथेच ठरवायला जाऊ नका.

लेखाचं नाव अर्धं लिहू नका

‘ठाणे ताम्रपट’ एवढंच लिहिलंत तर त्याला काही अर्थ राहत नाही. ठाण्याच्या नावाने ओळखले जाणारे शिलाहार ताम्रपट एकाहून अधिक आहेत: अरिकेसरीचा शके ९३९ चा, नागार्जुनाचा, मुम्मुणीचा. त्यातला अरिकेसरीचा ताम्रपट १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याचं भाषांतर छापून आलं. भारतात लवकरात लवकर छापले गेलेले जे ताम्रपट, त्यांपैकी हा एक.

खारेपाटणचं तर आणखी फसवं. तिथलाच एक ताम्रपट शके ९३० चा, रट्टराजाचा. तो दक्षिण कोकणच्या शिलाहारांचा, म्हणजे घराणंच दुसरं. अनंतदेवाचा खारेपाटण ताम्रपट त्याच्यानंतर शहाऐंशी वर्षांनी आला. दोन्हींची खिचडी झाली की राणीला भलतंच सासर मिळतं. म्हणून नेहमी तीन गोष्टी एकत्र लिहा: ठिकाण, राजा, शक.

राजांच्या नावातही हीच अडचण आहे. अपरादित्य दोन झाले, अनंतदेव तीन, केशिदेव दोन. परळचा शके ११०९ चा प्रसिद्ध शिलालेख दुसऱ्या अपरादित्याच्या काळचा, आपल्या अपरादित्यानंतर पन्नास वर्षांचा. त्यातली माहिती लीलादेवीच्या मुलाच्या खात्यावर टाकली की पुढचं सगळं चुकतं. शक बघितल्याशिवाय नाव लावायचं नाही, एवढा नियम पाळा.

शकाचा इसवी सन करताना

सगळे ७८ मिळवतात आणि मोकळे होतात. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ बरोबर आहे. जानेवारी लागला की फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, कारण इसवी सन बदललेला असतो आणि शक अजून तोच असतो. महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षं लिहा. शके १०६० म्हणजे ११३८-३९. असं जोडवर्ष लिहिण्यात कमीपणा नाही.

ताळा करायला संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, वापरा. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. आधी २०२५-२६ च्या कालनिर्णयावर करून बघा: शके १९४७ अधिक १२ म्हणजे १९५९, साठने भागून बाकी ३९, एकोणचाळिसावं विश्वावसु. कॅलेंडरवरही तेच छापलेलं आहे. आता शके १०१६ घ्या: १०२८, बाकी ८, भाव. शके १०६०: १०७२, बाकी ५२, कालयुक्त. शके १०६१: बाकी ५३, सिद्धार्थी. लेखात छापलेलं संवत्सर या हिशेबाशी जुळलं तर शक बरोबर वाचला गेलाय असं धरायला हरकत नाही. एक-दोनचा फरक पडला तर शक ‘गत’ (पूर्ण झालेलं वर्ष) धरलाय की ‘वर्तमान’ (चालू वर्ष) हे तपासा. दहा-वीसचा पडला तर अंकच चुकीचा वाचला गेलाय.

अंक चुकणं किती महागात पडतं याचं उदाहरण अलिबागजवळच्या अक्षीचं. तिथल्या शिलालेखाचा शक ९३४ वाचायचा की त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं पुढचा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, कारण लेखात केशिदेव राजाचं नाव आहे, असे केशिदेव दोन होऊन गेले, आणि दगड झिजलाय.

दगडापुढे उभं राहिल्यावर

मूळ शिळा बघायला जाणार असाल तर आधी ती आज कुठे आहे हे विचारून घ्या. गावात सापडलेली शिळा गावातच असेल असं नाही; कितीतरी शिळा संग्रहालयांत गेल्या. तरीही चाणजे एकदा पाहून यावं. नेरूळ किंवा बेलापूरहून उरण लोकल पकडा, जानेवारी २०२४ पासून ती थेट उरणपर्यंत जाते. पुढे रिक्षा. दान दिलेली जमीन कसली होती, खाडी किती जवळ आहे, श्रीस्थानकाहून इथे जलमार्गाने यायला किती सोपं होतं, हे नकाशावर नीट कळत नाही. याच गावातल्या बागेच्या उत्पन्नाचं दान पुढे शके ११८२ मध्ये सोमेश्वर राजाच्या काळात ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिलं गेलं. उत्पन्न १६२ द्रम्म (त्या काळचं नाणं). गावाचं नाव त्या लेखात ‘चडिचे’ असं येतं. म्हणजे लीलादेवीच्या नावाने दान झाल्यावर सव्वाशे वर्षांनीही हा टापू श्रीस्थानकाशी बांधलेला होता.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर दगडावर शेवाळ असतं आणि ते खरवडण्याचा मोह होतो. खरवडू नका. खडू भरणं, तेल चोळणं, शेंदूर पुसायला रॉकेल लावणं, ही तिन्ही कामं अक्षरांचा जीव घेतात. खडूने भरलेलं अक्षर तुम्ही वाचलेलंच अक्षर होऊन बसतं, आणि पुढच्याला मूळ खाच दिसतच नाही.

त्याऐवजी उजेड तिरका पाडा. सकाळी साडेसात-आठचं ऊन किंवा साधा टॉर्च दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. एकच जागा चार बाजूंनी उजेड टाकून चार वेळा टिपा: डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. डावीकडच्या उजेडात उभ्या रेघा उठून दिसतात, वरच्या उजेडात आडव्या शिरोरेघा. प्रत्येक फोटोत १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवा, नाहीतर अक्षराचा आकार नंतर कळत नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून मारू नका, सगळ्या खाचा सपाट दिसतात.

ठसा घेणं हे तज्ज्ञांचं काम. ओला कागद शिळेवर बसवून ब्रशने ठोकतात, कागद खाचांत शिरतो, थोडा सुकला की शाईचा बोळा फिरवतात. उंच भाग काळा होतो आणि अक्षरं पांढरी राहतात. संरक्षित स्मारकावर हे परवानगीशिवाय करता येत नाही, आणि कच्च्या हाताने केलं तर शाई दगडात मुरते. छापलेल्या खंडांत ठशांची चित्रं असतात, ती पुरेशी आहेत.

अक्षरं कुठे फसवतात

बाराव्या शतकाच्या आसपासची नागरी आपल्याला अर्धी ओळखीची वाटते, आणि तिथेच घात होतो. चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, ‘ब’ आणि ‘व’ बहुधा एकाच चिन्हाने लिहिलेले असतात. दोन, ‘श’ आणि ‘स’ एकमेकांच्या जागी येतात. तीन, रफारानंतरचं व्यंजन दुहेरी होतं: धर्म्म, वर्त्तते. ही चूक नाही, लिहिण्याची रीत आहे. उतरवताना ‘सुधारू’ नका.

चौथी सगळ्यांत महत्त्वाची: पडी मात्रा. आज आपण एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर देतो. त्या काळी ती अनेकदा अक्षराच्या आधी उभ्या दांडीसारखी येते. ‘लीलादेवी’ हेच नाव पडी मात्रेने लिहिलेलं आहे असं समजा. ‘ला’चा काना झाल्यावर लगेच ‘दे’ची मात्रा म्हणून आणखी एक दांडी उभी राहील, आणि मग ‘द’. नवशिक्याला दोन काने लागोपाठ दिसतात, तो एक झिजेचा ओरखडा समजून सोडून देतो, आणि ‘लीलादवी’ असं काहीतरी वाचतो. दगड झिजला असेल तर वेलांटी जाऊन ‘लाला’ही होऊ शकतं. दोन दांड्या लागोपाठ दिसल्या की पुढच्या अक्षरावर एकार किंवा ओकार आहे का, हे आधी बघायचं. एवढ्या एका सवयीने निम्म्या चुका टळतात.

लेखाचा सांगाडा माहीत असला की हरवायला होत नाही. सुरुवातीला स्वस्ति, मग शक आणि तिथी. पुढे राजाची बिरुदं: ‘समधिगतपंचमहाशब्द’, ‘महामंडलेश्वर’, ‘तगरपुरपरमेश्वर’, जीमूतवाहनाच्या वंशातला असल्याचा अभिमान. मग प्रधानांची नावं, त्यानंतर दान, ते कोणाला आणि कोणाच्या पुण्यासाठी, चतुःसीमा, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. राणीचं किंवा राजमातेचं नाव आलं तर बहुधा ‘दान’ या भागात येतं. बिरुदांच्या रानात तिला शोधत बसलात तर दिवस जातो.

शापाचा भाग वगळू नका. उत्तर कोकणातल्या कितीतरी दानशिळांवर वर चंद्रसूर्य असतात आणि खाली स्त्री व गाढव कोरलेलं असतं. त्यालाच गधेगाळ म्हणतात. दान मोडेल त्याच्या आईवर दिलेली ती शिवी आहे. त्या काळात एक आई पुण्याची धनी होती आणि दुसऱ्याची आई शापाचं हत्यार होती. राणीचं चरित्र लिहिणाऱ्याने ही गोष्ट सभ्यतेच्या नावाखाली दडवू नये. मुलांसाठीच्या फलकावर चित्राचं वर्णन न करता ‘दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून शाप’ एवढं लिहिलं तरी खरेपणा राहतो.

वयाचा हिशेब

जन्म-मृत्यूची वर्षं कोणत्याच लेखात नाहीत. तरी सीमा बांधता येते. नातू विक्रमादित्य शके १०६१ मध्ये स्वतःच्या नावाने दान देतो, म्हणजे ११३९ च्या सुमारास. तो तेव्हा निदान सोळा वर्षांचा होता असं धरा. मग त्याचा जन्म ११२३ किंवा त्याआधीचा. तेव्हा त्याचे वडील अपरादित्य निदान अठराचे असतील, म्हणजे जन्म ११०५ किंवा त्याआधी. आणि त्यांच्या जन्माच्या वेळी आई पंधरा-सोळाची धरली तर लीलादेवीचा जन्म १०९० च्या आतला.

हा आकडा ‘याच्या आधी कधीतरी’ असा आहे, ‘या वर्षी’ असा नाही. ‘जन्म इ. स. १०९०’ असं छापलंत तर खोटं झालं. आणि सोळा वर्षं ही आपली अट आहे. नातू बालवयात गादीवर बसवला असेल तर हिशेब ढिला पडतो. म्हणून गृहीतं आकड्याच्या शेजारीच लिहा. अनंतदेव इ. स. १०८१ पासून लेखांत दिसतो, तेव्हा ती याहून बरीच मोठीही असू शकते. पुढच्या माणसाला नवा ताम्रपट मिळाला तर त्याला तुमच्या हिशेबातला नेमका कोणता आकडा बदलायचा ते कळलं पाहिजे.

शके १०६० मध्ये ती हयात होती का? ‘आईच्या पुण्यासाठी’ या शब्दांवरून ठरवू नका. आईवडिलांच्या आणि स्वतःच्या पुण्यासाठी दान देणं ही दानलेखांतली जुनी रूढ भाषा आहे, ती जिवंत माणसांसाठीही वापरतात. स्वर्गवासाचा स्पष्ट शब्द पाठात असेल तरच ‘दिवंगत’ लिहा.

कोणते शब्द वापरायचे, कोणते नाही

‘पट्टराणी’ हा शब्द सगळ्यांच्या जिभेवर असतो. लेखात ‘पट्टमहिषी’, ‘अग्रमहिषी’ किंवा ‘महादेवी’ असं पद असल्याशिवाय तो लावू नका. ‘देवी’ हा नुसता आदराचा शेवट आहे, पद नव्हे. अनंतदेवाच्या आणखी राण्या होत्या की नव्हत्या, हे लीलादेवीच्या उल्लेखावरून ठरत नाही. ‘अनंतदेवाची राणी, अपरादित्याची आई’ हे शब्द पुरेसे आहेत.

माहेर तर अजिबात जोडू नका. नावावरून माहेर काढायचा प्रयत्न हमखास फसतो. गुजरातच्या चौलुक्य दुसऱ्या भीमदेवाची राणीही लीलादेवीच. ती चाहमान समरसिंहाची मुलगी, आणि तिचा काळ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. मोबाइलवर नाव टाकून शोधलं की दोघी एकत्र येतात आणि ठाण्याच्या राणीला राजस्थानचं माहेर मिळतं. नाव सारखं दिसलं की तीन गोष्टी ताडा: नवऱ्याचं नाव, घराणं, शक. एक जरी जुळली नाही तरी बाई वेगळी.

पैशांचंही तसंच. दानातल्या द्रम्मांचे आजचे रुपये करू नका. तुलना करायची तर त्याच काळातल्या दुसऱ्या लेखाशी करा. परळच्या शके ११०९ च्या लेखात माहुलकडच्या एका वाडीच्या उत्पन्नातले २४ द्रम्म दिलेले आहेत, चाणजेच्या शके ११८२ च्या लेखात १६२. वाचकाला प्रमाण कळायला एवढं बस होतं.

तिच्याभोवतीचा काळ

राणीबद्दल एक ओळ आहे, पण ती ज्या घरात राहिली त्या घराबद्दल बरंच आहे. इथे हात आखडू नका. फक्त प्रत्येक गोष्ट कोणाची आहे हे स्पष्ट ठेवा.

खारेपाटण ताम्रपट सांगतो की आप्तांच्या वैरातून कोकणात अनर्थ माजला होता आणि अनंतदेवाने तो मोडून काढला. त्याच ताम्रपटात भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी या व्यापाऱ्यांच्या मालाला स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली या बंदरांत जकात माफ केलेली आहे. शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमुली म्हणजे चौल. आणि हे नागपूर कोकणातलं बंदर, विदर्भातलं नव्हे, हे फलकावर कंसात टाकाच, नाहीतर लोक विचारतात. या बंदरांवर राज्याचा डोलारा उभा होता. राजा ‘पश्चिमसमुद्राधिपती’ म्हणवून घेत होता.

मुलाच्या वेळी पुन्हा संकट आलं. वडवली ताम्रपटात छित्तुक्क नावाच्या असुरासारख्या शत्रूने राज्य ग्रासलं आणि अपरादित्याने ते परत मिळवलं असं येतं. त्यानंतरच्या वर्षांत हाच अपरादित्य तेजकंठ नावाच्या पंडिताला दूत म्हणून काश्मीरला पाठवतो. काश्मिरी कवी मंखाच्या ‘श्रीकंठचरित’ काव्यात तेजकंठ विद्वानांच्या सभेत बसलेला दिसतो. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ‘अपरार्क’ टीका अपरादित्याच्याच नावावर सांगितली जाते. म्हणजे लीलादेवीच्या मुलाचं नाव ठाण्यापासून काश्मीरपर्यंत पोहोचलं होतं.

इथे लिहिणाऱ्याचा हात घसरतो. ‘आईच्या संस्कारांमुळे अपरादित्य विद्वान झाला’ हे वाक्य कितीही गोड वाटलं तरी त्याला आधार नाही. ‘लीलादेवीच्या हयातीत की नंतर हे ठाऊक नाही, पण तिच्या मुलाने काश्मीरला पंडित पाठवला’ हे चालतं.

लिहायला बसल्यावर

तीन रंगांची पेनं घ्या. लेखात शब्दशः आहे ते निळ्याने, तुमचं अनुमान हिरव्याने, भोवतालचा काळ काळ्याने. मसुदा झाल्यावर पानाकडे लांबून बघा. निळं पहिल्या परिच्छेदातच आलं पाहिजे. हिरवं एकूण मजकुराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त झालं असेल तर छाटा. हिरव्या वाक्यात ‘असावी’, ‘धरल्यास’ असे शब्द आहेत का ते तपासा, पण एका वाक्यात एकदाच. ‘कदाचित असण्याची शक्यता असावी’ असं लिहिलं की वाचक कंटाळतो. काळ्या वाक्यांत कर्ता राणी असता कामा नये.

नमुन्यादाखल एक परिच्छेद:

‘उरणजवळच्या चाणजे येथील शके १०६० (इ. स. ११३८-३९) च्या शिलालेखात शिलाहार राजा पहिला अपरादित्य याने आपल्या आईच्या पुण्यासाठी शेताचं दान दिलं. आईचं नाव लीलादेवी. ती राजा पहिला अनंतदेव याची राणी. तिच्या नातवाने, विक्रमादित्याने, शके १०६१ मध्ये दक्षिण कोकणात स्वतः दान दिलं. त्यावेळी तो सोळा वर्षांचा धरल्यास लीलादेवीचा जन्म इ. स. १०९० च्या आधीचा ठरतो. तिचे सासरे नागार्जुन. चुलत सासरे मुम्मुणी यांच्या कारकिर्दीतला शके ९८२ चा लेख अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे. अनंतदेवाच्या काळी ठाणे, सोपारा, चौल ही राज्याची बंदरं होती. पतीच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही काळात राज्यावर संकटं आली आणि दोघांनी ती निवारल्याचं ताम्रपट सांगतात.’

यात माहेर नाही, रूप नाही, स्वभाव नाही, मृत्यूचं वर्ष नाही. तरीही वाचून झाल्यावर ठाण्यातली एक बाई तिच्या सासऱ्यांच्या, मुला-नातवाच्या घरात उभी राहते. फलकावर चित्र हवंच असेल तर काल्पनिक चेहरा काढू नका. चाणजेच्या लेखाच्या ठशातली तिच्या नावाची अक्षरं मोठी करून छापा, हक्काची परवानगी घेऊन, आणि खाली आजच्या देवनागरीत नाव द्या. लोक थांबतात ते त्या अक्षरांपाशी. मुलं बोट ठेवून ‘ला’ ओळखतात.

छापण्याआधी मजकूर दोघांना दाखवा. एक संस्कृत आणि जुनी नागरी जाणणारा, तो पाठ ताडेल. दुसरी व्यक्ती इतिहासाशी संबंध नसलेली, घरातली, शेजारची. तिला वाचायला देऊन एकच विचारा: ‘यातलं काय नक्की आहे आणि काय अंदाज आहे, सांग.’ तिने अंदाजाला नक्की म्हटलं तर ते वाक्य पुन्हा लिहा. शेवटी तक्त्याची एक प्रत, ‘शंका’ रकान्यासकट, फलकाच्या फाइलमध्ये ठेवून द्या. पुढच्या वर्षी दुसरं कोणी मुम्मुणीच्या घरातल्या बायकांचा शोध घ्यायला बसलं, तर निम्मे राजे आणि शक त्याला तयार मिळतील.